टपावरचा एसी थंड करेना? बदलण्याआधी काय तपासायचं, आणि बदलायचाच तर कसा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात ज्यांनी मोटरहोम घेतली आहे किंवा ट्रॅव्हलर, मिनीबसमध्ये पलंग-ओटा बसवून घेतला आहे, त्यांना पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा टपावरच्या एसीपायी येतो. मार्च संपत आला की एसी थंड करेनासा होतो, कुणीतरी ‘गॅस गेला’ म्हणून सांगतं आणि आठवडाभरात नवा एसी मागवला जातो. माझं मत स्पष्ट आहे: यातले बरेच एसी ठीक असतात. त्यांना व्होल्टेज पुरत नसतं, हवा मिळत नसते, नाहीतर काहीशे रुपयांचा कपॅसिटर (मोटारीला सुरू व्हायला जोर देणारा छोटा विजेचा भाग) गेलेला असतो. आणि जिथे खरंच बदलायची वेळ येते तिथे नव्या मशीनपेक्षा त्याच्याखालचं भोक नीट बंद होणं जास्त महत्त्वाचं आहे. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्यांच्या वाटेवर आहे त्यांना हे वेगळं पटवून द्यायला नको.

आपला एसी कोणत्या जातीचा, ते आधी ओळखा

टपावर दिसणारी पेटी सारखीच असली तरी आत तीन वेगळी यंत्रं असू शकतात.

पहिला प्रकार २३० व्होल्टवर चालणारा. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल (एक आतली हवा थंड करणारी, एक उष्णता बाहेर टाकणारी), पंखा सगळं एकाच पेटीत, आणि गाडीच्या आत फक्त जाळीची झाकणपट्टी. हा घरच्या लाईनवर, जनरेटरवर किंवा मोठ्या इन्व्हर्टरवर चालतो. दुसरा १२ किंवा २४ व्होल्टचा, थेट बॅटरीवर चालणारा. तिसरा बससारखा: टपावर फक्त कॉइल आणि पंखे, कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर. तिसऱ्या प्रकाराला स्वतः हात लावू नका, तो बस-एसीच्या मिस्त्रीकडेच न्या. हा लेख मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे. कपॅसिटरचा भाग सोडला तर दुसऱ्यालाही बराचसा लागू पडतो.

पेटीवरची पाटी वाचा आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. तिच्यावर बीटीयू (एसीची थंड करण्याची ताकद), व्होल्ट, हर्ट्झ, अँपिअर आणि गॅसचं नाव असतं. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, त्यामुळे १३,५०० बीटीयूचा एसी एक टनाहून थोडा मोठा समजा. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ असं असेल तर ते अमेरिकेसाठी बनवलेलं मशीन आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमवता येतं, पण हर्ट्झ बदलत नाही आणि कॉम्प्रेसर गरम राहतो. सेकंडहँड मोटरहोम घेताना ही पाटी सौदा ठरायच्या आधी वाचली पाहिजे.

टपावर चढण्याआधी

बाहेरची लाईन काढा, जनरेटर बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा. काही इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप सुरू होतात, म्हणून त्याचा मुख्य स्विच खाली असलाच पाहिजे. प्लगची पिन काढून आपल्याजवळ ठेवा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. टपाच्या पत्र्यावर कुठेही पाय टाकू नका. आडव्या पट्ट्यांवर एक जाड फळी टाका आणि तिच्यावर गुडघे टेकून काम करा. खाली एक माणूस उभा असू दे. ओल्या टपावर अजिबात चढायचं नाही.

वीज तपासा

मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या. सीमाभागातल्या खेड्यांत शेतातल्या पंपांची वेळ झाली की लाईन किती खाली बसते हे आपल्याला माहीत आहे. पंखा तेवढ्यावर फिरतो, दिवे लागतात, आणि माणसाला वाटतं वीज आहे. कॉम्प्रेसरला मात्र सुरू होताना त्याच्या नेहमीच्या करंटच्या चार-पाच पट करंट एका झटक्यात लागतो.

म्हणून नुसतं प्लगवर मोजून भागत नाही. एसीला जिथे वायर जोडली आहे तिथे, कॉम्प्रेसर उठतो त्या क्षणाला मोजा. हे मोजमाप चालू लाईनवर करायचं असल्याने सवय नसेल तर वायरमनला बोलवा. आकडा क्षणभर खाली जाऊन पुन्हा वर आला तर ठीक. चालू असताना तो २०० व्होल्टच्या खालीच राहत असेल तर एसी बंद करा. अशा लाईनवर रेटून चालवला तर चांगला कॉम्प्रेसर जळतो आणि मग खरोखरच नवा घ्यावा लागतो.

बहुतेक वेळा खोट एक्स्टेंशन वायरमध्ये असते. हिशेब करून बघा. घरापासून गाडीपर्यंत ३० मीटर वायर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरला एवढ्या लांबीत साधारण १.१ ओहम रोध येतो. कॉम्प्रेसरने उठताना ३० अँपिअर ओढले की ३३ व्होल्ट वायरमध्येच संपतात. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा १३ व्होल्टवर येतो. लाईनच २१० ची असेल तर एसी उठणार की नाही हे या फरकावर ठरतं. तीन कोअरची तांब्याची २.५ ची केबल आणि १६ अँपिअरचा प्लग, याहून कमी काही वापरू नका. केबल गुंडाळी करून ठेवलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते.

बॅटरीवाल्या एसीला हाच हिशेब उलट बाजूने लागतो. १२ व्होल्टवर १,२०० वॅट म्हणजे १०० अँपिअर. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असली तरी दोन तासांच्या आसपास खेळ संपतो. ‘रात्रभर चालेल’ असं कुणी सांगितलं तर हा भागाकार त्याच्यासमोर करून दाखवा.

मग हवा

एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हवा अडली की उष्णता अडते. सुरुवात आतल्या जाळीपासून करा. फिल्टर काढा, नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवून लावा.

वरचं झाकण उघडल्यावर मागच्या बाजूला कंडेन्सर कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, दिसेल. चिकोडी, रायबाग, निपाणीकडे गळीत हंगामात गाडी उघड्यावर उभी असेल तर या कॉइलवर काळी राख बसलेली सापडते, कारखान्याच्या धुराड्यातली आणि जाळलेल्या पाचटाची. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळ उभ्या गाडीवर फाउंड्रीची बारीक धूळ असते. राखेवर दव पडलं की तिचा थर होतो आणि नुसत्या फुंकरीने तो निघत नाही. मऊ ब्रशने कोरडी घाण काढा, कॉइल धुण्याचं द्रावण मारून थोडा वेळ ठेवा आणि कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने धुवा. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप इथे चालत नाही, त्याने पातळ पत्र्या आडव्या होतात. पाणी मारण्याआधी विजेचा डबा आणि मोटार प्लास्टिकने झाका. वाकलेल्या पत्र्या फिन-कोंबने (पत्र्या विंचरायच्या कंगव्याने) हळूहळू सरळ करा. झाकणाखाली चिमण्यांची काटकी, गांधीलमाशीचं पोळं, उंदराने कुरतडलेली वायर, हेही सापडतं. एसीच्या मागची मोकळी जागा सामानाने किंवा सोलर पॅनेलने अडली आहे का, तेही बघा.

आता एक जागा अशी आहे जिथे मिस्त्रीसुद्धा सहसा बघत नाहीत. आतलं झाकण काढा. एसीच्या पोटातून थंड हवा खाली येते आणि गाडीतली गरम हवा तिथूनच वर जाते. दोन्हींमध्ये एक पडदा असतो, पत्र्याचा किंवा थर्माकोलचा. त्याच्या कडा सुटल्या की थंड हवा गाडीत न येता तिथल्या तिथे परत ओढली जाते. एसी समजतो खोली थंड झाली आणि कॉम्प्रेसर बंद करतो. आपण मात्र खाली घामाघूम बसलेलो. कडेवरून बोट फिरवा. चिकटपट्टी सुटून लोंबत असेल, किंवा पंखा चालू असताना कडेजवळ धरलेला टिशू पेपर आत ओढला जात असेल, तर दोष सापडला. ॲल्युमिनियमची फॉइल टेप आणा, जागा स्पिरिटने पुसा आणि सगळ्या कडा चिकटवा. कापडी टेप उष्णतेने महिन्याभरात सुटते, ती आणू नका.

कॉइलवर बर्फ धरला असेल तर घाबरू नका. ओल्या हवेत, बाहेर गारवा असताना सेटिंग खूप खाली ठेवलं की असं होतं. कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा तासभर चालवा, बर्फ वितळेल. फिल्टर स्वच्छ असून आणि बाहेर ऊन असूनही पुन्हा बर्फ धरला, तर मात्र गॅस कमी असण्याचा संशय घ्या.

कपॅसिटर

लक्षण ओळखायला सोपं आहे. पंखा फिरतो, काही सेकंद कॉम्प्रेसरचा जाड घूं-घूं आवाज येतो, मग टक करून बंद. थोड्या वेळाने पुन्हा तेच. व्होल्टेज बरोबर असेल तर पहिला संशयित कपॅसिटर.

वीज काढली तरी कपॅसिटरमध्ये ती साठून राहते, आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. उघड्या टोकांना हात लावण्याआधी २०,००० ओहमचा, दोन वॅट किंवा जास्तीचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी टोकांवर काही सेकंद धरा. मग मीटरने व्होल्ट शून्य झाल्याची खात्री करा. त्यानंतरच वायर काढा, आणि काढण्याआधी फोटो घ्या. दुहेरी कपॅसिटरला तीन टोकं असतात: एक सामाईक, एक कॉम्प्रेसरचं, एक पंख्याचं. ती अदलाबदल झाली तर पंख्याची मोटार जाते.

डोकं फुगलेलं, तेल गळलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही. नाहीतर मीटरच्या मायक्रोफॅरॅड सेटिंगवर मोजा. अंगावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरॅड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील. जुना कपॅसिटर सोबत घेऊन फ्रिज-एसीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जा. बेळगावात किंवा कोल्हापुरात तो मिळून जातो, आणि या एका भागासाठी कंपनीकडून पार्सल यायची वाट बघावी लागत नाही.

एसी बंद केल्यावर निदान तीन मिनिटं पुन्हा सुरू करू नका. आत दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

‘गॅस भरा’ म्हणण्याआधी

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं, कॉम्प्रेसर सलग चालतो, तरी गार होत नाही? दहा-पंधरा मिनिटं चालवून दोन ठिकाणी थर्मामीटर धरा: हवा आत ओढली जाते तिथे, आणि थंड हवा बाहेर पडते तिथे, झोताच्या अगदी तोंडाशी. फरक ८ ते १२ अंश सेल्सिअस असेल तर एसी त्याचं काम करतोय. मग दोष गाडीच्या इन्सुलेशनमध्ये, काचांमध्ये किंवा उभं राहण्याच्या जागेत आहे. चांगल्या चिंचेच्या सावलीत उभी केलेली गाडी आणि उन्हात उभी केलेली गाडी यांत एकच एसी दोन वेगळ्या मशीनसारखा वागतो.

फरक त्याहून बराच कमी असेल तर गॅस गळाला असू शकतो. टपावरच्या या एसींना बहुधा घरच्या स्प्लिटसारखे गॅस भरायचे व्हॉल्व्ह नसतात, पाईप कारखान्यातच बंद केलेले असतात. त्यामुळे गळती शोधणं, झाळणं, व्हॅक्यूम करणं (पाईपमधली हवा ओढून काढणं) आणि वजनाने गॅस भरणं, हे सगळं करावं लागतं. ज्याच्याकडे व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा नाही त्याला हे काम देऊ नका. आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, आणि खाली प्लायवूड, फोम, गाद्या असताना टपावर ब्लो-टॉर्च पेटवणं धोक्याचं आहे. पेटी खाली उतरवून उघड्यावरच झाळून घ्या.

माझा हिशेब असा: मशीन नवं असेल आणि गळती एखाद्या जोडावर सापडली तर दुरुस्ती करा. कॉइलच कुजली असेल, किंवा कॉम्प्रेसर जळाला असेल आणि मशीन सात-आठ वर्षांचं झालं असेल, तर पैसे नव्यात घाला.

बदलायचाच झाला तर: मापं

भोकाचं माप मध्येच नाही, चारही बाजूंनी घ्या. अमेरिकी पद्धतीच्या एसीला १४ इंच बाय १४ इंच, म्हणजे साधारण ३५६ मिलिमीटरचं चौकोनी भोक लागतं. युरोपियन पद्धतीच्या बऱ्याच एसींना ४०० बाय ४०० मिलिमीटर. लहान भोक मोठं करता येतं, मोठ्या भोकावर लहान मशीन बसवायला मात्र चौकट करावी लागते. टपाची जाडीही मोजा, बोल्टची लांबी तिच्यावरून ठरते.

वजन बघा. असे एसी साधारण ३० ते ५० किलोंचे असतात. चोर्ला किंवा आंबोलीच्या वळणांवर ते वजन टपावर डुलतं. भोकाभोवती ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी चौकोनी नळीची चौकट हवी, तीही टपाच्या आडव्या पट्ट्यांना जोडलेली. नसेल तर उद्यमबागेत किंवा मच्छेला फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. तिथल्या एका जुन्या जाणत्या मामांचा शब्द मला नेहमी आठवतो, “टप आधी बघा की ओ, मशीन काय, पैसे टाकले की मिळतंय.”

टपाला नव्याने भोक पाडणार असाल तर आधी आपल्या आरटीओत जा, मग ते बेळगाव असो (केए-२२), चिकोडी (केए-२३) की गोकाक (केए-४९). आरसीवरच्या नोंदींशी गाडी जुळणार नाही असा बदल परस्पर करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

जुना उतरवा, टप तपासा

दिवस कोरडा निवडा. मृगाच्या आधी हे काम उरकलं तर उत्तम. आतलं झाकण काढा, वायरींचे फोटो घ्या, त्यांना चिठ्ठ्या लावा आणि सोडवा. मग आतून वर जाणारे चार लांब बोल्ट काढा. पेटी ओढू नका, उचला. टपावर दोघे, खाली दोघे, मध्ये जाड दोर. जवळ फोर्कलिफ्ट मिळत असेल तर त्याचे पैसे देणं केव्हाही परवडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी गॅस्केट (पेटी आणि टप यांच्यामधली पाणी अडवणारी फोमची पट्टी) आणि सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा आणि भोकाच्या कडेचं लाकूड अंगठ्याने दाबून बघा. खानापूर तालुक्यात दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या एका गाडीचं हे तोंड मी पाहिलं आहे. वरून रंग शाबूत होता. अंगठा दाबला तर प्लाय बिस्किटासारखा आत गेला आणि नखाच्या कडेने काळं पाणी वर आलं. आतल्या छतावर डाग मात्र भोकापासून हातभर लांब, पलंगाच्या डोक्यावर पडला होता, कारण पाणी फोममधून वाट काढत गेलं होतं. अशा टपावर नवा एसी कितीही चांगला आणलात तरी बोल्ट काही महिन्यांत सैल पडतात. कुजलेला भाग पक्क्या लाकडापर्यंत कापा, नवा तुकडा बसवा, पत्र्याचा गंज घासून प्रायमर लावा. यात एक-दोन दिवस जास्त गेले तरी जाऊ द्या.

नवा बसवा

गॅस्केट मशीनसोबत आलेलीच वापरा. सोफ्याचा फोम पाणी शोषतो, तो इथे चालत नाही. गॅस्केट भोकाभोवती किंवा पेटीच्या तळाला, माहितीपत्रकात सांगितलं असेल तशी बसवा. पेटी सरळ वरून खाली ठेवा. टपावर टेकवून सरकवली तर गॅस्केट गुंडाळते आणि तिथेच गळती लागते. जागा चुकली तर पुन्हा उचला.

चार बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे कसा. इंचभर जाडीची गॅस्केट अर्धा इंच झाली की थांबा. भोकातून वर टॉर्च मारा, चारही बाजूंनी ती सारखी दाबलेली दिसली पाहिजे. बऱ्याच मशीनला ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर पुरतो, म्हणजे छोट्या पान्याने बोटांचा जोर. जास्त कसलं की टप खाली खचतो, एसीभोवती खळगा होतो आणि पाणी तिथेच साचतं.

पेटीच्या बाहेरच्या कडेला चहूबाजूंनी सिलिकॉन मारायचा मोह इथे अनेकांना होतो. तो टाळा. कॉइलवरचं पाणी पेटीखालूनच टपावर वाहून जातं. कड बंद केली की ते आत तुंबतं आणि छतातून टपकतं. सील करायचं ते पत्र्याचे जोड, स्क्रूची डोकी आणि वायरींची भोकं.

वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या. फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही वेगळे. एसीसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा सी-प्रकारचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थ गाडीच्या बॉडीला पक्का जोडा, न्यूट्रल मात्र बॉडीला लागता कामा नये. परदेशी मशीनमध्ये तपकिरी वायर फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ असते. आपल्या जुन्या वायरिंगमधल्या लाल-काळ्या-हिरव्याशी ती जोडताना मीटर लावून खात्री करा.

पाणी मारून बघा, मग प्रवास

झाकण बसवण्याआधी टपावर पाईपने १५-२० मिनिटं पाणी सोडा. एक माणूस आत टॉर्च घेऊन भोकाच्या कडा बघत बसू दे. कोरडं राहिलं तर आतला पडदा फॉइल टेपने बंद करा, झाकण लावा, अर्धा तास चालवा आणि वर सांगितलेला तापमानाचा फरक मोजून लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तुलनेला तोच आकडा कामाला येतो.

गाडीची नवी उंची जमिनीपासून एसीच्या डोक्यापर्यंत मोजा आणि ड्रायव्हरच्या समोर चिकटवा. रेल्वेखालचे बोगदे, खानापूरच्या जंगलातल्या खाली आलेल्या फांद्या, आणि गणपतीच्या दिवसांत शहरातल्या गल्ल्यांवरच्या कमानी नि लाईटच्या माळा, हे सगळं या आकड्यावर अवलंबून आहे.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर, विशेषतः घाट उतरून आल्यावर, आतलं झाकण उघडून चारही बोल्ट पुन्हा तपासा. गॅस्केट बसते तसे ते थोडे सैल होतात. अर्धा इंच राहील एवढेच कसा.